४०० च्या बीआरएमआधी जीपीएस कॉम्प्युटर घ्यावा म्हणते, काय बघून घ्यावा?

कृष्णाकाठ (वाई)

नमस्कार मंडळी,

मी वाईची, शाळेत गणित शिकवते. सुटीच्या दिवशी पहाटे पसरणी घाट चढून पाचगणी गाठायची आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं, असा नेम आहे. सायकल साधी हायब्रिड, ७०० बाय ३२ चे टायर. २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) झाल्या आहेत. आता थंडीत ४०० करायची आहे, आणि ती नीट झाली तर त्याच हंगामात ६००, म्हणजे एसआर (सुपर रँडोनर, एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६००) पूर्ण होईल.

आत्तापर्यंत हँडलवर मोबाईल, त्यात स्ट्राव्हा ॲप, आणि शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत क्यू शीट (वळणं आणि त्यांची अंतरं लिहिलेला कागद), एवढ्यावर भागलं. ३०० ला मात्र अंधार पडल्यावर परतीच्या पावसाने गाठलं. ओल्या स्क्रीनला बोट लावलं की भलतंच काही उघडायचं, नुसत्या थेंबांनीही नकाशा लहानमोठा होत होता. बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली आली तेव्हा घरी फोन करायला तरी राहू दे म्हणून मोबाईल बंद करून खिशात टाकला आणि पुढच्या दोघांच्या लाल दिव्यांमागे चालवत राहिले. दोघं फार भले होते, माझ्यासाठी त्यांनी वेग कमी केला. पण ४०० ला रात्रभर पुढे कुणाचा दिवा असेलच असं नाही. रस्ता माझा मला कळायला हवा.

बजेट पंधरा हजार, फार ताणलं तर वीस. वॉट, एफटीपी वगैरे ताकदीच्या आकड्यांत मला रस नाही. रात्री आणि पावसात वळण कळलं पाहिजे, बॅटरी पुरली पाहिजे, आणि आकडे मोठे दिसले पाहिजेत, कारण चाळिशी लागली आहे आणि चष्मे बदलत सायकल चालवता येत नाही. घाटात अजून किती चढ उरलाय ते दिसलं तर आनंदच.

पूर्ण नकाशावालंच घ्यावं, की मार्गाची नुसती रेघ दाखवणारं चालेल? घरात एक जुना मोबाईल पडून आहे, तो एअरप्लेन मोडवर टाकून काम होईल का? आणि घरचे विचारतात, तू कुठे पोचलीस ते आम्हाला दिसेल का? तेही सांगा.

सह्यचाक (पुणे)

ताई, ३०० बद्दल अभिनंदन. पावसातली ३०० म्हणजे ४०० ची अर्धी तयारी झाली.

मी बरीच वर्षं बीआरएम करतोय आणि मधूनमधून कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, स्वयंसेवक म्हणूनही बसतो. पहाटे तीन-चारला येणाऱ्या रायडरला नोंदीचं ब्रेव्हे कार्ड कुठल्या खिशात आहे तेही पटकन आठवत नाही. कॉम्प्युटर निवडायचा तो त्या वेळेसाठी. दुकानात दुपारी सगळेच स्क्रीन छान दिसतात.

म्हणून पहिली गोष्ट, बटणांचं घ्या. गार्मिन एज ५३० आणि ८३० ही २०१९ ची भावंडं, आतून बरीचशी सारखी, पण ५३० ला बटणं आणि ८३० ला टच. मी ५३० घेतला आणि पावसाळी ताम्हिणीत, ओल्या हातमोज्यांनिशी, त्याचं चीज झालं. गार्मिनचा एक्स्प्लोर २ बघायला सुरेख आहे, ३ इंची स्क्रीन, चाळिशीला सोयीचा, पण तो टचवर चालतो आणि त्यात हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर नाही. घाटात राहणाऱ्या माणसाला मी तो सुचवणार नाही. एज ५४० तुमच्या बजेटच्या पुढे जाईल. नवंच घ्यायचं तर ब्रायटनचा रायडर ४२० किंवा आयजीपीस्पोर्टचा बीएससी २०० बघा. दोन्ही बटणांचे, दोन्ही रेघेवर चालणारे, आणि कृष्णधवल स्क्रीन असल्यामुळे उन्हातही आकडे ठळक दिसतात. एका पानावर तीन-चारच आकडे ठेवा, म्हणजे ते आपोआप मोठे होतात.

रेघ की नकाशा, यावर लोक फार वाद घालतात. बीआरएमला मार्ग आयोजकांनी ठरवलेला असतो, आपल्याला तो शोधायचा नसतो. त्यामुळे रेघ पुरते, फक्त फाईल नीट हवी. आयोजक बहुतेक वेळा राइड विथ जीपीएस या संकेतस्थळाची लिंक देतात. त्यातून जीपीएक्स ट्रॅक उतरवला तर नुसती रेघ मिळते, टीसीएक्स किंवा फिट उतरवली तर वळणांच्या सूचनाही सोबत येतात. कॉम्प्युटर यातलं काय वाचतो ते घेण्याआधी बघा. फाईलचे कंट्रोल ते कंट्रोल असे तुकडे करा. जायचा आणि यायचा रस्ता एकच असेल तर दोन रेघा एकमेकींवर बसतात आणि बिचारं यंत्र तुम्हाला मध्येच मागे वळायला सांगतं. रेघेची एक खरी अडचण हायवेवर येते: पुलावरून जायचं की खालच्या सर्व्हिस रोडने, हे तिच्यात कळत नाही. तेवढ्यासाठी क्यू शीट वाचून अशा जागा आदल्या रात्री पाठ करून ठेवा. आणि चुकल्यावर आपोआप नवा मार्ग काढून देण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. रात्री दोनला ती तुम्हाला कुठल्याशा वस्तीवरच्या कच्च्या रस्त्याला लावते. नुसतं ‘मार्ग सोडला’ एवढं सांगितलं तरी बास.

बॅटरीचं तुम्ही गणितवाल्या आहात, म्हणून मुळापासून सांगतो. ६०० किलोमीटरपर्यंत कंट्रोल बंद होण्याची वेळ ताशी १५ च्या हिशेबाने येते. ४०० भागिले १५ म्हणजे २६ तास ४० मिनिटं, त्याचे २७ तास धरलेत. ३०० ला बरोबर २०, ६०० ला बरोबर ४०. आता एज ५३० साठी कंपनी सांगते २० तास, ५४० साठी २६, ब्रायटन ४२० साठी ३५. हे आकडे दिवसाचे समजा. रात्री बॅकलाइट चालू ठेवलात, शिवाय नेव्हिगेशन आणि दोन सेन्सर जोडलेत, की आकडा चांगलाच उतरतो. म्हणजे ४०० ला कुठलाही घेतलात तरी पॉवर बँक सोबत लागणारच. विकत घेण्याआधी एकच खात्री करा: केबल लावल्यावर रेकॉर्डिंग चालू राहतं का? काही मॉडेल केबल लागली की स्वतःला घरच्या संगणकाला जोडलेलं समजतात आणि राइड थांबवतात. पावसात चालता चालता चार्जिंग करू नका, रबराचं झाकण उघडं राहिलं की पाणी आत शिरतं. कंट्रोलवर चहा होईपर्यंत लावा, वीस मिनिटांत बरंच भरतं. बॅकलाइट सतत चालू न ठेवता वळण आल्यावर पेटेल असा ठेवा.

एक सेटिंग मी प्रत्येक नव्या रायडरला हात जोडून सांगतो. ऑटो पॉज, म्हणजे आपण थांबलो की मोजणीही थांबवणारी सोय, बंद करा. बीआरएमचं घड्याळ तुम्ही मिसळ खायला थांबलात तरी चालू असतं. ऑटो पॉज चालू असेल तर सरासरी २२ दिसत राहते आणि माणूस निवांत बसून राहतो. बंद ठेवलात तर समोरचा सरासरीचा आकडा खरा असतो: तो १५ च्या वर आहे तोवर पुढचा कंट्रोल तुमच्यासाठी उघडा आहे. वॉट आणि ठोके सोडून द्या, हा एक आकडा रात्रभर धीर देतो.

तप्त डांबर (नागपूर)

जुन्या मोबाईलबद्दल मी सांगतो, दोन हंगाम तसाच चालवलाय.

एअरप्लेन मोडवर जीपीएस चालतो, कारण फोन फक्त उपग्रहांचे संकेत ऐकत असतो, पाठवत काही नाही. ऑस्मअँडसारख्या ॲपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून ठेवायचा आणि त्यावर जीपीएक्स टाकायची. नेटवर्कची मदत नसल्याने पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, म्हणून निघण्याआधी फोन मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ ठेवावा. स्क्रीन बंद आणि सूचना आवाजी ठेवल्या तर बॅटरीही बरी टिकते.

पण ताईंचं दुखणं पावसाचं आहे आणि ते जुन्या मोबाईलने जात नाही. टच तो टचच. आमच्याकडे उन्हाचाही प्रश्न आहे. ॲपल स्वतः आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा म्हणते आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. हँडलवर ऊन खात बसलेला फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग सरळ थांबतो. एज ५३० ची मर्यादा ६० अंशांची आहे. शिवाय २०२१ मध्ये ॲपलनेच सांगितलं की मोटारसायकलच्या हँडलवरच्या हादऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. सायकलचे हादरे तेवढे नसतील, पण आपले रस्ते बघता चांगला फोन मी हँडलवर लावत नाही.

माझं मत: जुना फोन, तीच फाईल टाकून, बंद करून बॅगेत ठेवा. कॉम्प्युटर बंद पडला तर तो रात्र काढून देईल. आणि वीस हजारांपर्यंत ताणणार असाल तर वरचे पाच हजार कॉम्प्युटरवर घालू नका, पुढच्या दिव्यावर घाला. वळण स्क्रीनवर कळलं तरी खड्डा दिव्यातच दिसतो.

एल्बेपार (हॅम्बुर्ग)

कुणी परदेशातून आणून देत असेल तर दोन गोष्टी. नकाशावाली मॉडेल युरोपात घेतली की त्यात युरोपचा नकाशा भरलेला असतो. गार्मिनवर ओपनस्ट्रीटमॅपचा भारताचा नकाशा फुकट चढवता येतो, अवघड नाही. दुसरं, वॉरंटी इथल्या पावतीवर भारतात चालेल का ते त्या कंपनीला आधी विचारा. पंधरा हजारांच्या वस्तूसाठी मी तरी भारतातच घेईन, दुकानदार ओळखीचा असेल तर आणखी चांगलं.

कृष्णाकाठ (वाई)

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑटो पॉजचं कुणीच सांगितलं नव्हतं. ताशी १५ चा आकडा समोर ठेवायची कल्पना तर मला फार आवडली, ती एकदम माझ्या वर्गातली आहे.

म्हणजे ठरलं: बटणांचा, रेघेवाला, आणि उरलेल्या पैशांत दिवा. जुना फोन बॅगेत. आता दोनच शंका. चढाचं काय? पसरणीत मोबाईल कधी चार टक्के दाखवतो, कधी एकदम अकरा, आणि रस्ता तर तसाच असतो. आणि स्पीड सेन्सर वेगळा घ्यावा का?

सह्यचाक (पुणे)

चढाचं आधी. मोबाईलमधली बरीच ॲप उंची जीपीएसवरून किंवा उपग्रही नकाशावरून घेतात. त्या नकाशांचा मोठा आधार म्हणजे २००० साली एंडेव्हर यानाने रडारने मोजलेली उंची, आणि तिच्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा. सपाटीवर त्याने बिघडत नाही. घाटात रस्ता कड्याला खोदलेला असतो, तीस मीटर इकडे डोंगर आणि तीस मीटर तिकडे दरी. रेघ जराशी सरकली की उंची एकदम बदलते आणि अकरा टक्के उगवतात. बॅरोमीटर असलेलं यंत्र हवेच्या दाबावरून चढ मोजतं, ते पसरणीत बरंच खरं बोलेल. त्यालाही हवामान बाधतं. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तर त्याला आपण आठ-नऊ मीटर चढलो असं वाटतं, त्यामुळे वादळी संध्याकाळी एकूण चढाईवर फार विसंबू नका. पावसात सेन्सरच्या भोकात पाणी अडकलं की चढ शून्य दाखवतो. फुंकर मारा, पिन घालू नका.

‘अजून किती चढ उरलाय’ हे दाखवणारी सोय मात्र वापरते ती फाईलमधलीच उंची. आंबेनळीसारख्या घाटात, पोलादपूरहून महाबळेश्वरला येताना, चाळीसेक किलोमीटर चढच चढ. तिथे उरलेलं अंतर कळणं हाच मोठा आधार असतो, टक्क्यांकडे बघू नका.

स्पीड सेन्सर घ्या, हबवर गुंडाळायचा, चुंबक न लागणारा. कात्रजच्या नव्या बोगद्यात किंवा दाट झाडीत उपग्रह दिसेनासे झाले तरी अंतर चालू राहतं. क्यू शीट अंतरावर चालते, म्हणून याला महत्त्व आहे. ७०० बाय ३२ साठी कोष्टकात २१५५ मिलिमीटर आहे, पण तुमच्या टायरमधल्या हवेला आणि वजनाला ते जुळेलच असं नाही. फरशीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा सरळ पुढे न्या, दुसरी खूण करा आणि टेपने मोजा. एक टक्का चूक म्हणजे ४०० ला चार किलोमीटर, आणि चार किलोमीटरवर वळण चुकतं.

घरच्यांसाठी: या कॉम्प्युटरना स्वतःचं सिम नसतं, लाइव्ह ट्रॅकिंग शेवटी खिशातल्या फोनच्याच नेटवर चालतं. स्क्रीन बंद राहिल्याने फोन दिवसभर पुरेल, गूगल मॅप्सवरून लोकेशन शेअर करून ठेवा. फक्त घाटात नेटवर्क गेलं की ठिपका एका जागी थांबतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री उगाच जीव टांगणीला लागतो.

आणि माउंटसोबत येणारी दोरी फेकू नका, ती स्टेमला बांधा. गतिरोधकावर कॉम्प्युटर उडून मागच्या ट्रकखाली गेलेला मी बघितला आहे.

कृष्णाकाठ (वाई)

दोरी बांधेन. घरच्यांना ठिपक्याचं आत्ताच वाचून दाखवलं, त्यांना पटलं.

साताऱ्याच्या दुकानात विचारलं, रायडर ४२० मागवून देतो म्हणाले. आला की आधी चाक मोजते, मग एखाद्या शनिवारी संध्याकाळी सुरूर फाट्यावरून सातारा आणि परत, पूर्ण अंधारात. ओळखीचा रस्ता आहे, त्यामुळे यंत्र कुठे काय सांगतंय आणि वळणाच्या किती आधी सांगतंय ते नीट तपासता येईल. सर्व्हिस रोडच्या जागाही लिहून आणते, साताऱ्याहून निघणाऱ्या इतरांना उपयोगी पडतील.