मदत हवी आहे: खोदकामात दगड झालेलं हाड निघालंय, कुणाला कळवू?

नमस्कार मंडळी. थेऊरच्या बाजूला नदीकाठी चुलत्यांच्या शेतालगत प्लॉटिंग चालू आहे. जेसीबीनं चुनखडीच्या खड्यांचा पांढरट थर फोडला, त्यात जबड्याचा तुकडा दिसला. दाढा शाबूत, वजनाला निव्वळ दगड. मुकादम म्हणतो, "म्हशीचा असेल, टाका भरावात."

आपल्या काळ्या पाषाणात जीवाश्म सहसा मिळत नाहीत, हे ठाऊक आहे. वाघोलीच्या खाणीत निघतात ते स्फटिक, ती गोष्ट वेगळी. पण हा नदीचा जुना गाळ आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला अशाच गाळात ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन हत्यारं सापडली आहेत, म्हणून जीव वरखाली होतोय.

भूवारशाच्या (जीवाश्म, खडक अशा ठेव्याच्या) जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये आला होता, पण मसुदा दाखवून जेसीबी थांबत नाही! मग आधी गाठायचं कुणाला: पुरातत्त्वाचं डेक्कन कॉलेज, जीवाश्मांवरही काम करणारी आघारकर संस्था की भूवैज्ञानिक सर्वेक्षण? तलाठ्याकडे अर्ज दिला तर काम थांबतं, की मालक नुसताच बिथरतो? तुकडा जागचा हलवलेला नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढलेत, लोकेशनही टिपलंय. सोमवारी भराव पडणार आहे. कुणी यातून गेलं असेल तर लवकर सांगा.