'रूपबान': सिनेमा की नुसती चित्रित केलेली जात्रा?

पिंपळपान:
तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला, सलाहुद्दीन यांचा 'रूपबान' (१९६५) परवा दुसऱ्यांदा पाहिला. खेड्यापाड्यांत गाजलेल्या जात्रेवरून केलेला. (जात्रा म्हणजे आपली जत्रा नव्हे. मध्ये उघडा रंगमंच, भोवती लोक आणि रात्रभर गाण्यांवर चालणारं नाटक.) राजाचा मुलगा अल्पायुषी. त्याला वाचवायचं तर बारा दिवसांच्या त्या बाळाचं बारा वर्षांच्या मुलीशी लग्न लावायचं आणि मुलीने त्याला घेऊन बारा वर्षं वनवास काढायचा. वजिराची मुलगी रूपबान नवऱ्याला कडेवर घेऊन रानात जाते.

या चित्रपटाला 'कॅमेऱ्यापुढची जात्रा' म्हणून बाजूला सारतात, ते मला अजिबात पटत नाही. ढाक्यात १९५६ साली 'मुख ओ मुखोश'पासून बंगाली बोलपट सुरू झाले खरे, पण पुढे चांगले चांगले दिग्दर्शक उर्दूकडे वळले. झहीर रायहान यांनीही 'संगम' (१९६४) उर्दूतच केला. बंगालीतला 'रूपबान' तुफान चालला आणि वारं फिरलं. १९६६ मध्ये त्याच रायहान यांनी 'बेहुला' केला, लोककथेवर आणि बंगालीत! बंगाली भाषेच्या हक्कासाठी १९५२ मध्ये ज्या ढाक्यात रक्त सांडलं, तिथे ही गोष्ट लहान नाही.

तिसरी घंटा:
इतिहास मान्य. पण चित्रपट चालला म्हणून तो चांगला ठरत नाही. जात्रेतला नट आवाज चढवतो, हातवारे मोठे करतो, कारण शेवटच्या माणसापर्यंत ते पोचायला हवं. पडद्यावर चेहरा हातभर अंतरावर असतो. तिथेही तोच आवाज, तेच हातवारे? मग दिग्दर्शकाने केलं काय?

वगवेडा:
लोकांना कळेल तेच ठेवलं, हेच केलं. मी वग बघत मोठा झालो. गाणं सुरू झालं की गोष्ट थांबते असं आम्हाला कधी वाटलं नाही. उलट मनातलं खरं काय ते तेव्हाच कळायचं.

अनघा:
तंत्राचं राहू द्या, मला गोष्टच सहन होत नाही. राजाचा वंश टिकावा म्हणून एका पोरीचं अख्खं बालपण घ्यायचं. तिने वाढवलेला मुलगा मोठा होऊन ताजेल नावाच्या दुसऱ्याच मुलीच्या प्रेमात पडतो, तरी हिने सोसायचंच. आणि आपण तिला सती म्हणून हात जोडायचे?

पिंपळपान:
अनघाताई, दाईमाचं गाणं आठवा. बाहेर वाद्यं वाजतायत आणि रूपबान दाईमाला विचारते, हे कसलं वाजतंय गं? लग्न तिचंच, आणि तिलाच पत्ता नाही. नीना हमीद यांच्या आवाजात तो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो तेव्हा पोटात कालवतं. ही सतीची आरती नाही हो, तक्रार आहे. समोर बसलेल्या कितीतरी बायकांची लग्नं अशीच, न विचारता झाली असतील.

अनघा:
गाण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. त्या प्रश्नाने मीही रडले. पण तक्रार गाण्यातच राहते. शेवटी तिला मिळतो तो नवराच, आणि तेच तिच्या सोसण्याचं बक्षीस. वनवासातून परतल्यावर तुला काय हवंय, हे तिला एकदा तरी कुणी विचारायला हवं होतं.

तिसरी घंटा:
हेच म्हणतोय मी. जात्रा होती तशीच उचलली, म्हणून तो शेवटही तसाच आला.