शुगरचं शिक्षण मोबाईलवरून: जमतं का?

आईला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा पाच मिनिटांत इन्सुलिन टोचायचं पेन समजावून घरी पाठवलं, पहिल्या रात्री तिचा हात इतका थरथरत होता की सुई टोचवेचना. मग मोबाईलवर व्हिडिओ लावला, थांबवत थांबवत चारदा बघितला, आधी 2 युनिट हवेत सोडायचे, बटण दाबलं की 10 अंक मोजून मगच सुई काढायची. आठवड्यात ती स्वतः घ्यायला लागली. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात, शुगर रोज सांभाळायची असते, म्हणून हे शिक्षण फोनवरच पाहिजे.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. व्हिडिओ बघून आपल्याला येतंय असं वाटतं, पण चुकतंय हे सांगणार कोण? बाबा दोन वर्षं पोटावर एकाच जागी टोचत होते, तिथे गाठ झाली, गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही त्यामुळे शुगर कधी वर कधी खाली. नर्सनं हातानं चाचपलं तेव्हा कळलं. फोन काय चाचपणार?

धागाकर्ता:
पण दोन वर्षं कुणी चाचपलंच नाही ना! रोज जागा बदला, एवढं तरी फोननं सांगितलं असतं.

प्रतिसाद २:
मी स्वतः पेशंट आहे. बँडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्येच मांडलंय की सगळ्यात पक्का आत्मविश्वास स्वतः करून जमल्यावर येतो, आणि आपल्यासारख्याला जमताना बघूनही येतो. एका रात्री दरदरून घाम, हात कापतायत, मीटरवर शुगर 62, म्हणजे कमी झालेली. अ‍ॅपमध्ये शिकलेलं आठवलं, 15 ग्रॅम ग्लुकोज घेतलं, 15 मिनिटं थांबून परत तपासलं तर 84. त्या रात्रीपासून एकटं झोपायची भीती गेली.

प्रतिसाद ३:
तुम्हाला अ‍ॅप वापरता येतं हो. आमच्याकडे अ‍ॅप मी उघडतो, आकडे मी भरतो, काका नुसतं बोट पुढे करतात. आत्मविश्वास मला आला, त्यांना कुठे आला? शिवाय त्याच फोनवर ‘इन्सुलिनची सवय लागते’ असले फॉरवर्ड येतात आणि काकांना तेच खरं वाटतं, त्यापायी त्यांनी चार दिवस डोस बुडवला.

प्रतिसाद १:
हेच म्हणतोय मी. व्हिडिओ कॉलवर पेशंटनं स्वतः टोचून दाखवायचं, नर्सनं बघायचं, चुकलं तर तिथल्या तिथे सांगायचं, असं असेल तर माझी हरकत नाही. पोट मात्र दर भेटीत हातानंच चाचपा.