क्रॉलरची मोटर बदलू का? स्पर्धेआधी सल्ला हवा

चिखलगाडी
नमस्कार मंडळी. १/१० मापाचा क्रॉलर (खडकांवर हळू चढणारी रिमोटची गाडी) आहे, १.९ इंची चाकं. तयार गाडी घेतली आणि एकेक भाग बदलत आणलाय. ब्रश्ड ३५ टर्न (तारेचे वेढे) मोटर, टूएस लिपो (दोन सेलची लिथियम बॅटरी). पुढच्या महिन्यात पहिलीच स्पर्धा आहे आणि दोन गोष्टी छळतायत. उभा चढ आला की पुढची चाकं उचलतात आणि गाडी पाठीवर पडते. दुसरं म्हणजे फटीत चाक अडकलं की मी स्टिअरिंग पूर्ण वळवून थ्रॉटल देतो, तेव्हा क्षणभर सगळं मरतं आणि परत जिवंत होतं. मोटरमध्ये दम नाही असं माझं मत. ब्रशलेस घ्यायची म्हणतोय, कोणती घेऊ?
ता.क. टपावर जेरीकॅन, स्टेपनी आणि दिव्यांची पट्टी आहे. फार देखणी दिसते, तिला हात लावायला सांगू नका.

सावकाश
सांगू नका म्हणालात तेच आधी सांगतो. टप रिकामा करा.

नटबोल्ट
"सगळं मरतं" म्हणजे नक्की काय? नुसती मोटर थांबते की स्टिअरिंगसुद्धा? रिसीव्हरवरचा दिवा विझतो का? बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही होतं का? एवढं सांगा, मग मोटरचं बघू.

चिखलगाडी
स्टिअरिंगही जातं. दिवा विझतो, मग लुकलुकतो. भरलेल्या बॅटरीवरही तेच. आणि हो, लिहितालिहिता आठवलं, महिन्यापूर्वी ३५ किलो ताकदीचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) टाकला, त्याआधी असं होत नव्हतं.

नटबोल्ट
मग चोर सापडला. तुमची मोटर निर्दोष आहे.
रिसीव्हर आणि सर्व्हो, दोघांनाही वीज मिळते ती ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) पोटातल्या बीईसीकडून (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा भाग). जोरदार सर्व्हो अडकलेलं चाक ढकलायला लागला की भसकन करंट ओढतो. छोट्या बीईसीला तो झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. ब्रशलेस मोटर घालून यात काडीचा फरक पडणार नाही.
उपाय दोन. सर्व्होसाठी वेगळा बीईसी लावा आणि त्याचं व्होल्टेज सर्व्होवर लिहिलंय तेवढंच ठेवा. नाहीतर थेट बॅटरीवर चालणारा सर्व्हो घ्या. आत्ताचा सर्व्हो तसा नसेल तर "करून बघू" म्हणून बॅटरीला जोडू नका, जळेल. वेगळा बीईसी लावलात तर सर्व्होच्या जुन्या प्लगमधली लाल तार रिसीव्हरपासून सोडवा, म्हणजे दोन बीईसी एकमेकांशी भांडणार नाहीत. काळी तार मात्र दोन्हीकडे जोडलेली राहू दे.
ट्रान्समीटरवर स्टिअरिंगचे एंड पॉइंटही (सर्व्हो कुठवर वळेल त्या मर्यादा) तपासा. नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा) अडल्यावरही सर्व्हो रेटत असेल तर उभ्या गाडीतही तो करंट खात बसतो.

कातळकिडा
पाठीवर पडण्याबद्दल मी लिहितो, या विषयात माझी बरीच हाडं मोडलीत (गाडीची).
आधी मोजा, मग खर्च करा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पुढची दोन चाकं ठेवा आणि मागच्या चाकांखाली काट्याच्याच उंचीची पुस्तकं. मग उलटं करून मागची मोजा. एकूण वजनाचा ५५ ते ६० टक्के भाग पुढच्या ॲक्सलवर आला की चढावर नाक खाली राहायला लागतं.
फुकटातला उपाय म्हणजे बॅटरी पुढे आणणं. जमेल तेवढी पुढे आणि जमेल तेवढी खाली. त्यानंतर पितळ. पण ते चेसिसवर चिकटवू नका, नकल आणि चाकाच्या आतल्या वजनांच्या रूपात घाला. शॉकच्या खालचं वजन म्हणजे खडकाला चिकटलेलं वजन. मागे पितळ घालायचा मोह होतो, कारण आडव्या उतारावर गाडी छान बसते. पण तेच वजन चढावर तुम्हाला मागे ओढतं.
दुसरी चाचणी: फळीवर जाड सँडपेपर चिकटवा, गाडी आडवी ठेवा, एक बाजू हळूहळू उचला आणि मोबाईलवर कोन बघा. सँडपेपर यासाठी की गाडी घसरायच्या आधी कलंडली पाहिजे. एकदा जेरीकॅनसकट, एकदा त्याशिवाय. मग माझ्याशी वाद घाला.

पितळखाऊ
नाव बघून वाटेल हा पितळच विकेल, पण मी आधी टायर म्हणेन. तयार गाडीतला फोम बहुतेक वेळा एकतर फार मऊ असतो नाहीतर दगडासारखा. टायरने खडकाच्या कडेला मिठी मारली पाहिजे, पण आडव्या उतारावर दुमडून रिमखाली जाता कामा नये. म्हणून दोन थरांचा फोम, आत घट्ट बंद पेशींचा आणि बाहेर मऊ उघड्या पेशींचा. टायरचा रबरही बघा. त्याच नक्षीचा टायर मऊ आणि कडक अशा दोन्ही मिश्रणांत मिळतो. कडक टिकतो, मऊ पकडतो. स्पर्धेला मऊच.
आणि रिमला हवा जायला भोक आहे ना? एकाने सगळी भोकं सील केली होती आणि टायर फुग्यासारखे टुणटुणत होते. तो एक म्हणजे मीच.

कातळकिडा
टायर आधी, मान्य. पण फोम बदलून गुरुत्वमध्य खाली येत नाही हो.

सावकाश
दोघांचं बरोबर आहे, पण मी मैदानात काय बघतो ते सांगतो. नवी मंडळी रिव्हर्सला घाबरतात. कमी गुण तो विजेता. बऱ्याच नियमावल्यांत रिव्हर्सचा १ गुण चढतो आणि गेटच्या (दोन काठ्यांमधून जायची वाट) काठीला धक्का लागला की १०. तुमच्या स्पर्धेचे आकडे आधी वाचा, पण मेख तीच. वेडंवाकडं रेटून काठी पाडण्यापेक्षा तीनदा मागे येऊन सरळ घुसणं स्वस्त पडतं. पुढचं चाक काठीला चुकवून गेलं म्हणून हुरळू नका, मागचं चाक नेहमी आतून कापतं आणि दहाचा फटका तिथेच बसतो.
ड्रॅग ब्रेक १०० टक्क्यांवर ठेवा. बोट सुटलं की गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. मोटर बदलायचीच असेल तर ब्रश्डमध्येच ४५ किंवा ५५ टर्न बघा. टर्न वाढले की वेग कमी होतो आणि ताबा वाढतो. नाहीतर नुसतं पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) एक-दोन दातांनी लहान करा.

चिखलगाडी
कळवायला उशीर झाला. वेगळा बीईसी लावला, मरणं थांबलं. बॅटरी पुढच्या ॲक्सलच्या वर नेली, नकलवर पितळ. पुढचा वाटा ५१ टक्के होता, आता ५८. फळीवर ३९ अंशांना कलंडत होती, आता ४६. त्यातले तीन अंश एकट्या टपाने दिले, म्हणून जेरीकॅन आता कपाटात आहे आणि मी दुखवट्यात.
नवीन शंका: थ्रॉटल दिला की पुढचं एकच चाक, नेहमी तेच, हलकं होतं.

नटबोल्ट
टॉर्क ट्विस्ट. ड्राइव्हशाफ्ट ॲक्सलला पिळतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने चेसिस एका कुशीवर झुकते. बंपर भिंतीला टेकवा, हलका थ्रॉटल द्या, कुठली कूस दबते ते बघा. मग मागच्या शॉकवर दबणाऱ्या बाजूला प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) थोडा वाढवा. पूर्ण जात नाही, कमी होतं. पोर्टल ॲक्सलमध्ये हा त्रास कमी असतो, कारण तिथे गिअरची काही घट चाकापाशीच होते आणि शाफ्टवर तेवढा जोर येत नाही. पण म्हणून आत्ता ॲक्सल बदलू नका.

पितळखाऊ
आणि फोम?

चिखलगाडी
मागवलाय हो.