स्मोक केलेला सामन फ्रीजमध्ये किती टिकतो

एकांनी विचारलंय की घरी स्मोक केलेला सामन (सॅल्मन मासा) व्हॅक्यूम पॅक करून नुसत्या फ्रीजमध्ये महिनाभर ठेवला तर चालेल का. प्लीज नका ठेवू! आपल्याला वाटतं हवा काढली म्हणजे मासा सेफ, पण बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूला हवा नसलेलीच जागा लागते आणि त्याचा माशांवरचा एक प्रकार ३-४ डिग्रीलाही वाढतो, वास चव काही बदलत नाही. धुराने मासा टिकतो हे आपल्या डोक्यात सुक्या बोंबलामुळे बसलंय, पण बोंबील उन्हात कडकडीत वाळलेला असतो, हा आतून ओला मऊ असतो.

आम्ही इकडे सिअ‍ॅटलला दर सीझनला आल्डरच्या लाकडावर करतो. आत ६३ डिग्री झाल्याशिवाय काढत नाही. मग जाळीवर पूर्ण गार करायचा, कोमट असताना पिशवीत घातला की आत घाम धरतो आणि त्याच पाण्याने कडा पांढुरक्या, चिकट होतात, मी एकदा अख्खी बॅच अशी फेकलीय, फार जीव तुटला. गार झाला की एका जेवणापुरते तुकडे, पॅक करून तारीख टाकून सरळ फ्रीझरला, उणे १८.

दोन-तीन महिन्यांत संपवा, तेलकट मासा त्यात मीठ, फ्रीझरमध्येही खवट होतोच. आणि काढताना पिशवीला कापून भोक पाडून, म्हणजे आत हवा जाईल, मगच खाली फ्रीजमध्ये रात्रभर ठेवायचा, ओट्यावर अजिबात नाही.