शब्दचर्चा : पीएमडीडीला आपल्याकडे काय म्हणायचं?

आशा सेविका, दारव्हा तालुका : गावातल्या बैठकीसाठी पत्रक लिहितेय. प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, म्हणजे पीएमडीडी, याला मराठीत काय लिहू? कुणीतरी 'ऋतुपूर्व अवसाद विकृती' सुचवलं. 'विकृती' ऐकलं की बाया उठून जातील.

परिचारिका, वर्धा : ताई, 'अवसाद'ही अपुराच. डिस्फोरियात उदासी, चीड, धास्ती सगळंच येतं. कित्येकींच्या घरच्यांना तर चीडच आधी दिसते. 'पाळीआधीचा मनाचा तीव्र त्रास' लिहा आणि पुढे पीएमडीडी ठेवा. दवाखान्यात तेच नाव लागेल. 2013 च्या डीएसएम-5, म्हणजे मनाच्या आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकापासून, हा नैराश्याच्या आजारांमध्ये धरला जातो. पीएमएस, म्हणजे पाळीआधीचा नेहमीचा त्रास, वेगळं, ते बरंच सौम्य. पीएमडीडीला अकरापैकी किमान पाच लक्षणं लागतात. त्यातलं एक तरी मनाचं हवं : अचानक रडू, चीड, उदासी किंवा धास्ती. बाकी झोप, भूक, थकवा, स्तन दुखणं, पोट फुगणं वगैरे. आणि त्यानं काम किंवा नाती अडायला हवीत.

शिक्षिका, यवतमाळ जिल्हा : आपल्याकडे 'गमत नाही' आहे की! "मले काईच गमत नाही" म्हणजे कशातच मन लागत नाही. चिडीला 'कावणे'. आमच्या शेजारची वहिनी कापूस वेचता वेचता ओटी सोडून धुऱ्यावर जाऊन बसायची, हुंदके देत. पाळी आली की दोन-तीन दिवसांत पहिल्यासारखी. घरच्यांनी 'बाहेरची हवा' ठरवून भगताकडे नेलं.

परिचारिका : तुमच्या त्या 'दोन-तीन दिवसांत'मध्येच सगळं आहे. त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतो, पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत उतरतो, नंतरचा आठवडा जवळजवळ मोकळा जातो. महिनाभर गमत नसेल तर दुसरा आजार असू शकतो, कधी तो पाळीआधी नुसता वाढतो. म्हणून निदानाला किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात. हार्मोनचे रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येतात. त्यांच्या चढउताराला मेंदू जास्त दाद देतो. तेव्हा "रिपोर्ट चांगला, म्हणजे नाटक करते" हे कुणी बोलू नये. औषधं आहेत. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या काहींना फक्त पाळीआधीचे दोन आठवडे देतात, अर्थात डॉक्टरांनीच.

आशा सेविका : आणि "मरून जावं वाटते" म्हणाली तर?

परिचारिका : मग नोंदीची वाट पाहायची नाही. तिला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 पत्रकावर मोठ्या अक्षरात छापा. फुकट आहे, चोवीस तास चालतो.

आशा सेविका : लिहिता न येणारी नोंद कशी ठेवेल?

परिचारिका : ठिपके. बरा दिवस कोरा, थोडा त्रास एक, जास्त तीन, पाळीला गोल. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको. तिथं दुधाचा हिशेब असतो, सासूबाई रोज पाहतात. लेकराची जुनी वही द्या.