‘योएत्सेत’, ‘रब्बानित’, ‘तिफ्लुत’ – मराठीत काय लिहावे?

वळणवाट :
मंडळी, मदत हवी आहे. यहुदी बायकांनी तालमूद आणि हलाखा (धर्माचे आचारनियम) मुळातून शिकण्याबद्दल दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. ‘मिश्ना’ (जुनी नियमसंहिता), ‘गमारा’ (तिच्यावरची चर्चा) आणि दोन्ही मिळून ‘तालमूद’, हे शब्द तसेच ठेवणार. पण सगळेच शब्द हिब्रू ठेवले तर वाचक दुसऱ्या परिच्छेदात पान उलटेल. अडलेले शब्द :

योएत्सेत हलाखा – जेरुसलेमच्या ‘निश्मत’ संस्थेत तयार होणाऱ्या बायका. पाळी, गर्भधारणा, मिक्वेचे (विधिस्नानाच्या कुंडातले) स्नान यांबाबतच्या नियमांवर इतर बायकांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरे देतात.

रब्बानित – कोशात ‘रब्बायची (यहुदी धर्मगुरूची) पत्नी’. पण माझ्या लेखातली रब्बानित स्वतः गमारा शिकवते.

तिफ्लुत – मिश्नातला शब्द. एका भाषांतरात ‘मूर्खपणा’, दुसऱ्यात थेट ‘स्वैराचार’. एवढे अंतर कसे?

पहिल्या दोन्हींना तूर्त ‘धर्मविदुषी’ लिहून ठेवले आहे.

पाटीपेन्सिल :
‘धर्मविदुषी’ नको. विदुषी हा शब्द आपल्याकडे शाल-श्रीफळ देताना वापरतात. ती काय काम करते, हे त्यातून काडीचेही कळत नाही.

हरिपाठ :
‘ब्रह्मवादिनी’ कसा वाटतो? गार्गी-मैत्रेयीची परंपरा आठवेल.

पाटीपेन्सिल :
तीच तर अडचण आहे, काका. वाचकाला गार्गी दिसेल आणि जेरुसलेममधली फोन उचलणारी बाई दिसेनाशी होईल. ब्रह्माचा इथे संबंधही नाही. प्रश्न असतो तो कपड्यावरचा डाग कुठल्या रंगाचा, इतका जमिनीवरचा.

उंबरठा :
योएत्सेतबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या शब्दाची निवड मुद्दाम झालेली आहे.

हिब्रूत ‘योएत्स’ म्हणजे सल्लागार, ‘योएत्सेत’ स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘योअत्सोत’. हलाख्याचा निर्णय देणाऱ्याला मात्र ‘पोसेक’ म्हणतात आणि त्या निर्णयाला ‘प्साक’. रब्बानित खाना हेन्किन यांनी १९९० मध्ये निश्मत सुरू केली आणि १९९७ मध्ये हा अभ्यासक्रम. पहिली तुकडी १९९९ मध्ये बाहेर पडली. दोन वर्षे जवळजवळ एकाच विषयाचा फडशा पाडायचा, जोडीला स्त्रीरोग, वंध्यत्व यांसारखे वैद्यकीय विषय, आणि शेवटी रब्बायांपुढे तोंडी परीक्षा. एवढे करूनही नाव ‘सल्लागार’. नियम ठरलेला असेल तिथे ती तो सांगते, नवा पेच असेल तर रब्बायकडे नेते. ‘पोसेकेत’ म्हटले असते तर पारंपरिक रब्बाय मंडळींनी पहिल्याच दिवशी दार लावून घेतले असते.

याची गरज का पडली तेही लेखात येऊ द्या. पाळीनंतर सात ‘स्वच्छ दिवस’ मोजायचे, त्या दिवसांत पांढऱ्या कापडाच्या लहान तुकड्याने तपासणी करायची. त्यावरचा डाग तांबूस की तपकिरी, यावर पुढचे सगळे ठरते. शंका आली की ते कापड पाकिटात घालून रब्बायकडे पाठवायचे, बरेचदा नवऱ्याच्या हाती. पुष्कळ बायका संकोचाने विचारतच नसत आणि आपल्या मनाने दिवस वाढवून घेत. काहींचा त्यात गर्भधारणेचा काळच निसटून जाई. आता फोनवर समोर बाई असते.

म्हणून माझे मत : ‘हलाखा-सल्लागार’. सल्लागार शब्दाला मराठीत लिंग नाही, ते वाक्यातून कळतेच. ‘सल्लागारीण’ करू नका, कृपा करून.

उच्चाराबद्दल : आपल्या ‘चाक’मधला च हाच हिब्रूतला त्स. पण पुढे ए आला की आपण तो ‘चेंडू’सारखा म्हणतो. म्हणून ‘योएत्सेत’ असेच लिहावे.

शुद्धलेखनवाला :
आणि हलाखाचे सामान्यरूप ‘हलाख्या’ होणार. ‘हलाख्याचा अभ्यास’ वाचून लोकांना ‘हलाखीचा अभ्यास’ वाटेल, तयारी ठेवा.

वळणवाट :
😀 मुद्रितशोधकाने तसे केलेच आहे एका ठिकाणी! उंबरठा, खूप आभार. मग धर्मन्यायालयात बायकांची बाजू मांडणाऱ्या ‘तोएनेत’ला काय म्हणू? वकील?

उंबरठा :
वकील म्हटले की कायद्याची पदवी डोळ्यांपुढे येते. ‘गेट’ (घटस्फोटपत्र) नवरा देत नसेल तेव्हा रब्बायांच्या न्यायालयात या बायका हलाख्याच्या आधारे युक्तिवाद करतात. १९९०च्या दशकात मिद्रेशेत लिंडेनबाउममधून त्या पुढे आल्या. ‘धर्मन्यायालयातली कैवारी’ चालेल का बघा. ‘तोएन’चा अर्थ दावा मांडणारा असाच आहे.

मास्तरीणबाई :
रब्बानितसाठी लांब जायची गरज नाही, आमच्या गावात या. माझी आई शाळेत शिकवायची म्हणून मास्तरीण. शेजारच्या काकूंनी जन्मात खडू धरला नाही, पण काका हेडमास्तर, म्हणून त्याही मास्तरीणच. डॉक्टरीण, पाटलीण, पंडितीण, सगळीकडे हाच घोळ. ‘-ईण’ लागली की बायको की स्वतः कर्ती, ते संदर्भावरून ओळखायचे.

रब्बानितचे तंतोतंत तेच झाले आहे. पूर्वी फक्त बायको. यिद्दिशमध्ये ‘रेबेत्सिन’. गेल्या काही दशकांत शिकवणाऱ्या बायकांना दुसरी पदवी मिळेना, तेव्हा हीच त्यांच्या वाट्याला आली. तिचा नवरा रब्बाय असो वा नसो. तेव्हा ताई, ‘रब्बानित’ ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला मास्तरीणीचा दाखला द्या. मराठी वाचकाला लगेच उमगेल.

जाता जाता : पंडिता रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ ही पदवी मिळाली ती त्यांच्या स्वतःच्या संस्कृतावर. तिथे ‘पंडितीण’ म्हटले असते तर अर्थच पालटला असता.

परदेशस्थ :
अमेरिकेत यावरूनच मोठा वाद झाला. रब्बाय आवी वाइस यांनी २००९ मध्ये सारा हुरविट्झ यांना ‘महारात’ ही पदवी दिली. तो चार हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांतून बनवलेला शब्द आहे. अर्थ साधारण ‘हलाखा, अध्यात्म आणि तोरा (यहुदी धर्मशास्त्र) यांत मार्गदर्शन करणारी’. २०१० च्या सुरुवातीला ती बदलून ‘रब्बा’ केली, म्हणजे रब्बायचे सरळ स्त्रीलिंग, आणि गदारोळ उठला. पुढे ‘रब्बा’ आणखी कुणाला देणार नाही, असे वाइस यांना मान्य करावे लागले. त्यांच्या ‘येशिवात महारात’ या संस्थेची पहिली तुकडी २०१३ मध्ये बाहेर पडली. शिकलेली विद्या तीच, पण एका पदवीवर लोक गप्प बसतात आणि दुसरीवर ठराव करतात.

वळणवाट :
आणि तिफ्लुत? त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

अळणी :
माझे टोपणनाव बघून मला बोलावलेत की काय? 😀 सांगतो.

वाक्य मिश्नाच्या ‘सोता’ या प्रकरणातले. व्यभिचाराचा संशय असलेल्या बाईला कडू पाणी पाजण्याचा विधी आहे. तिच्या पदरी पुण्य असेल तर पाण्याचा परिणाम लांबतो. बेन अझ्झाय म्हणतो, म्हणूनच मुलीला तोरा शिकवणे बापाचे कर्तव्य; म्हणजे परिणाम का लांबला हे तिला कळेल. लगेच रब्बी एलिएझर म्हणतो, जो मुलीला तोरा शिकवतो तो तिला जणू तिफ्लुत शिकवतो. मतभेद तिथल्या तिथे नोंदलेला आहे. पुढच्या लोकांनी एलिएझरचे वाक्य तोंडपाठ केले आणि बेन अझ्झायला अडगळीत टाकले, ही गोष्ट वेगळी.

आता शब्द. याच्या जवळचा शब्द ‘ताफेल’, म्हणजे बेचव. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात ‘ताफेल ते मिठावाचून खाववते का?’ असे आहे, म्हणजे अळणी. तिथून एक अर्थ निघतो : निःसत्त्व, वायफळ. मध्ययुगीन धर्मपंडित मायमोनिडीस याच बाजूचा. तो म्हणतो, बहुतेकींचे मन अभ्यासात लागत नाही आणि त्या तोराच्या वचनांच्या वायफळ गोष्टी करतात. त्यातही तो भेद करतो. एलिएझरचे बोलणे मौखिक तोराला, म्हणजे तालमुदाला, लागू. लिखित तोरा (बायबल) शिकवू नये खरा, पण शिकवला तर ते तिफ्लुत नव्हे. दुसरीकडे तालमुदाचा भाष्यकार राशी म्हणतो, शिकून तिला चलाखी येईल आणि ती आपल्या गोष्टी लपूनछपून करील. प्रकरण व्यभिचाराचे असल्याने भाषांतरकार तिथून स्वैराचारावर पोचतात.

दोन्ही अर्थ पेलणारा मराठी शब्द आहे : पाणचटपणा. पाणचट ताक म्हणजे बेचव, पाणचट विनोद म्हणजे चावटपणाकडे झुकणारा. ‘तो तिला जणू पाणचटपणा शिकवतो’. याहून जवळचे काही मला सुचत नाही.

पाटीपेन्सिल :
वा! ‘पाचकळपणा’पेक्षा हे बरे.

एक पुरवणी. तालमुदाची सगळ्यात प्रचलित आवृत्ती विल्नाची, १८८० च्या दशकातली. मधोमध गमारा, आतल्या बाजूला राशीचे भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत (नंतरच्या पंडितांच्या टीपा), अशी ती ठरलेली मांडणी. तिच्या मुखपृष्ठावर मुद्रक म्हणून छापले आहे : ‘विधवा आणि बंधू रोम’. विधवा म्हणजे द्वोरा रोम. नवऱ्यामागे छापखाना तिनेच सांभाळला. बायकांना जे पुस्तक उघडू देत नव्हते त्याच्या पहिल्याच पानावर बाई बसली आहे. लेखात घाला हे.

वळणवाट :
घालतेच! ‘निद्दा’ला (पाळीच्या काळातल्या अवस्थेला) मी ‘विटाळ’ लिहिले आहे, ते ठीक ना?

किनारपट्टी :
ठीक नाही, ताई. विटाळ म्हटले की आपल्याकडे बाजूला बसणे, स्वयंपाकघर बंद, लोणच्याला हात नाही. निद्दाचे आजचे नियम नवरा-बायकोच्या स्पर्शापुरते आहेत. ती स्वयंपाक करते, घरात वावरते. ‘निद्दा’च ठेवा आणि एका वाक्यात समजवा.

आम्ही बेने इस्राएल, मूळ अलिबागकडचे. तुमच्या लेखातले बहुतेक शब्द आमच्या आजीला परकेच वाटले असते. कोकणात शतकानुशतके आमच्याकडे तालमूद नव्हता, ना बायकांकडे ना पुरुषांकडे. रब्बायही नव्हते, धर्मविधी काजी सांभाळत. शब्बाथ, खतना, एलियाहू हनाबीच्या (एलिया प्रेषिताच्या) नावाचा मलिदा, आणि १९ व्या शतकाच्या अखेरीस बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने, अशी आमची विद्या. कीर्तन ऐकायला बायकांना मज्जाव नव्हता. तेव्हा ‘सगळ्या यहुदी समाजात पुरुष तालमूद शिकत आणि बायका वंचित’ असे सरसकट वाक्य लेखात असेल तर काढा.

वळणवाट :
होते, काढले. मनापासून आभार.

शेवटचा अडथळा : ‘शिकणे’. न्यू यॉर्कच्या स्टर्न कॉलेजात १९७७ मध्ये रब्बाय सोलोव्हेचिक यांनी मुलींच्या तालमूद-वर्गाचा पहिला पाठ दिला. तिथे मी ‘अध्ययन’ लिहिले. जानेवारी २०२० मध्ये जेरुसलेमला सुमारे ३००० बायकांनी ‘दफ योमी’ची सांगता साजरी केली, रोज तालमुदाचा एक दफ (पान) याप्रमाणे साडेसात वर्षे, २७११ दफ. तिथे ‘पारायण’. चालेल?

उंबरठा :
अध्ययन उत्तम. पारायणात अर्थ न लावताही पुण्य मिळते, इथे तसे नाही. ‘रोजचे पान’ म्हणा, आणि सांगतेला ‘सियुम’. ‘हवरुता’साठी ‘जोडीने अभ्यास’ पुरे. दोघी समोरासमोर बसून एकमेकींचे म्हणणे खोडतात, एवढे लिहिले की चित्र उभे राहते.

परदेशस्थ :
जुलै २०२५ चा इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकालही घ्या. रब्बिनेटच्या (सरकारमान्य रब्बायांच्या मंडळाच्या) हलाखा-परीक्षांना बायकांना बसू द्यावे, असा. फक्त ‘बायका रब्बाय होणार’ असा मथळा देऊ नका. निकाल परीक्षेपुरता आहे. त्या परीक्षेवर सरकारी नोकऱ्यांतली पात्रता अवलंबून असते, म्हणून भांडण होते.

शुद्धलेखनवाला :
‘रब्बिनेट’ की ‘रब्बीमंडळ’, यासाठी वेगळा धागा काढा. आणि ‘रब्बी’, ‘रब्बाय’ दोन्ही एकाच लेखात नकोत. रब्बी म्हटले की मला ज्वारी दिसते.